काठमांडू–ल्हासा–काशगर–किर्गिझस्तान–युरोप, स्वतःच्या बाईकवर : सोबती कसे शोधायचे?

नाशिककर_रायडर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज स्वतःच्या कामासाठी धागा काढतोय. पुढच्या मे महिन्यात स्वतःची बाईक घेऊन घरून निघायचं आणि रस्त्यानेच युरोप गाठायचं असं ठरवलंय. पाकिस्तानमार्गे आपल्याला जाता येत नाही, मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमारचा रस्ता २०२१ च्या लष्करी उठावानंतर धरण्यासारखा राहिलेला नाही, म्हणून नेपाळमधून तिबेट, मग चीनमधून गोलमुड, दुनहुआंग, तुरफान करत काशगर, तिथून इरकेश्तामच्या नाक्याने किर्गिझस्तान, पुढे कझाकस्तान, रशिया, जॉर्जिया, तुर्कस्तान. गाडी हिमालयन ४५०. लडाख, स्पिती, मुक्तिनाथ हे सगळं झालंय, त्यामुळे रस्त्याची भीती नाही.

अडलंय ते सोबतीवर. चीनमध्ये परदेशी गाडी एजन्सी आणि गाइडशिवाय आत घेतच नाहीत, आणि गाइडची गाडी, ड्रायव्हर, परवाने हा खर्च एकट्याने गेलो तरी तेवढाच आणि पाच जण गेलो तरी जवळपास तेवढाच. एकट्याला तो अजिबात झेपणारा नाही. घरच्यांचंही म्हणणं आहे की एकटा जाऊ नकोस. मित्रांना विचारलं तर व्हॉट्सॲपवर सगळे हो म्हणतात, पण कारनेटचे (गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात न्यायचा कस्टम्सचा कागद) पैसे भरायचा विषय निघाला की ग्रुप शांत. एवढी मोठी रजाही सगळ्यांना मिळत नाही, ते समजू शकतो.

मग अनोळखी लोकांबरोबर जायचं का? कुठे शोधायचे, आणि मुख्य म्हणजे माणूस पारखायचा कसा? ज्यांनी केलंय त्यांनी मनापासून सांगा. तीन-चार जण हवेत.

घाटमाथा

दादा, आधी अभिनंदन, घरच्यांनी नुसतं एकटा जाऊ नको म्हटलं, जाऊच नको नाही म्हटलं, हेच खूप आहे. मी चीनमधून ग्रुपने गेलोय आणि तो ग्रुप अनोळखी लोकांचाच जमवलेला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चीनच्या बाबतीत एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तिथे सोबती म्हणजे कागदावर बांधलेला माणूस. तुमचा मार्ग, तारखा, आत शिरायचा नाका, बाहेर पडायचा नाका, सगळ्यांचे पासपोर्ट आणि गाड्यांचे नंबर हे सगळं परवान्यात आधीच लिहिलेलं असतं. आपलं इंटरनॅशनल लायसन्स तिथे चालत नाही, गाडी तपासून तात्पुरतं चिनी लायसन्स आणि नंबर प्लेटचा कागद देतात. तिबेटचा परमिट वेगळा. त्यामुळे एखाद्याशी पटलं नाही, मी माझा पुढे जातो, असं म्हणायची सोयच नसते. लडाखला भांडण झालं तर एक जण मनालीने उतरतो, दुसरा श्रीनगरने. इथे शेवटच्या नाक्यापर्यंत सगळे एकत्र.

आमच्यातल्या एकाच्या क्लच प्लेट गोलमुडच्या अलीकडे गेल्या. तांगुला खिंड ५,२३१ मीटरवर आहे, तो ती चढताना अर्धा क्लच धरूनच चढला होता आणि गाडीवर सामान म्हणजे अक्षरशः बिऱ्हाड. वास यायला लागला तेव्हा मागच्याने दोनदा हॉर्न देऊन सांगितलं, तो थांबला नाही. मग गाडी पिकअपमध्ये टाकून गोलमुडला आणली आणि आम्ही सगळे तिथे बसून राहिलो, कारण बाहेर पडायची तारीख सगळ्यांची एकच. पार्ट मिळेना, शेवटी गाइडने फोनाफोनी करून दुसऱ्या शहरातून मागवला. त्या थांबण्यात कोण कसा आहे ते कळलं. एक जण रोज सकाळी त्या मित्राबरोबर गॅरेजवर जाऊन बसायचा, भाषा येत नव्हती तरी. दुसरा दिवसभर रूमवर बसून किती पैसे वाया गेले त्याचा हिशोब सांगायचा. दोघेही गाडी उत्तम चालवणारे.

म्हणून मी कोणाला घ्यायचं हे गाडी चालवण्यावरून ठरवत नाही. थांबावं लागलं की माणूस कसा वागतो ते बघा. आणि हे बघायला हिमालयात जायची गरज नाही. सगळ्यांना घेऊन एकदा कोकणात सागरी मार्गाने जा, दिघीपासून मालवणपर्यंत, तेही पावसाळ्यात. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, प्रत्येक ठिकाणी फेरीबोटीसाठी थांबावं लागतं. बोट आत्ताच गेली, पुढची यायला वेळ आहे, अंग भिजलेलं, पोटात भूक. तेव्हा जो टपरीवर सगळ्यांसाठी चहा सांगतो तो घ्या. जो जेटीवर उभा राहून, मी म्हटलं होतं लवकर निघा, असं चारदा ऐकवतो त्याला प्रेमाने नाही म्हणा.

पैशाचं आधी लिहून घ्या. एजन्सीला पैसे भरल्यावर कोणी गळला तर त्याचा हिस्सा परत नाही, हे सगळ्यांनी सही करून मान्य केलेलं असू दे. आमच्या वेळी एक जण ऐनवेळी आजारपणामुळे गळला आणि बाकीच्यांच्या डोक्यावर खर्च वाढला. त्याचा दोष नव्हता पण मनं कडू झालीच.

सह्यवारा_ठाणे

घाटमाथा यांनी सगळं बरोबर लिहिलंय पण मी वेगळं सुचवतो. पहिलीच वेळ असेल तर किर्गिझस्तानात बिश्केक किंवा ओशला विमानाने जा, तिथे बाईक भाड्याने मिळतात, सोंगकुल तलाव (३,०१६ मीटर), नारिन, सारी-ताश असं फिरा. कारनेट नाही, चीन नाही, आणि सोबती दोन आठवड्यांचा लागतो, चार महिन्यांचा नाही. दोन आठवडे रजा मिळणारी माणसं ढिगाने सापडतात. त्यातून जो जमेल त्याच्याबरोबर पुढच्या वर्षी मोठी ट्रिप करा.

नाशिककर_रायडर

सह्यवारा, सल्ला चांगला आहे पण मला घराच्या दारातून स्वतःच्या गाडीवर निघायचंय. तो हट्टच आहे म्हणा. घाटमाथा, क्लचचा किस्सा वाचून आत्ताच स्पेअरच्या यादीत क्लच प्लेट आणि केबल लिहिली.

मृण्मयी_रायडर

दादा, तुम्ही लिहिलंय तीन-चार जण हवेत. त्यात जणी चालतील का ते स्पष्ट लिहा, कारण ते लिहिलेलं नसलं की आम्ही मेसेज करत नाही. मी कोल्हापूरची, गाडी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, नेपाळ आणि भूतान स्वतःच्या गाडीवर केलंय.

बायकांच्या बाजूने एक सांगते, सोबती शोधताना आम्ही सगळ्यात आधी रूमचं विचारतो. ग्रुपमध्ये एकच बाई असेल तर तिला वेगळी रूम लागणार आणि तो खर्च तिने एकटीने उचलायचा की ग्रुपने, हे निघायच्या आधी बोललं गेलं पाहिजे. मागे एका ग्रुपबरोबर बोलणी अगदी तारखेपर्यंत आली होती, आणि मग त्यांच्यातला एक म्हणाला की तुमच्या घरच्यांशी आम्हाला एकदा बोलायला लागेल. मी चाळिशीतली बाई आहे, स्वतःचा व्यवसाय आहे. तिथेच विषय संपवला. माझ्या घरच्यांना भेटायला चहाला जरूर या, पण परवानगी घ्यायला नको.

आणखी एक, रोजचा वेग आणि दिवस कधी संपवायचा ते बोला. मला अंधार पडायच्या आत गाडी लावायची असते, त्यात तडजोड नाही. काही लोकांना रात्री दहापर्यंत चालवायला मजा येते. दोन्ही चालतं, फक्त एका ग्रुपमध्ये चालत नाही.

श्टुटगार्टहून_समीर

मी जर्मनीत असतो, मूळचा सातारचा. पुढच्या अर्ध्या रस्त्याबद्दल लिहितो कारण सगळे चीनवरच थांबलेत.

कझाकस्तानात भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण एका वेळी १४ दिवसच. नकाशा उघडून बघा तो देश केवढा पसरलाय ते, अल्माटीपासून रशियाच्या सीमेपर्यंत जाताना रोज भरपूर चालवावं लागतं. म्हणजे मृण्मयीताई वेगाचं म्हणतायत तो नुसता आवडीचा प्रश्न नाही, तुमच्यातला एक जण रोज दोनशे किलोमीटरवर दमत असेल तर १४ दिवस पुरणार नाहीत. अझरबैजानच्या जमिनीवरच्या सीमा २०२० पासून प्रवाशांना बंद आहेत, त्यामुळे कॅस्पियन समुद्र ओलांडून बाकूला उतरू असा कोणाचा बेत असेल तर तो सोडा. रशियातून व्लादिकावकाझ आणि वेर्खनी लार्स करत जॉर्जियात उतरायचं, काझबेगीचा तो घाट अप्रतिम आहे. रशियात आपली व्हिसा-मास्टरकार्डची बँक कार्डं चालत नाहीत, २०२२ पासून. तेव्हा रोख डॉलर-युरो प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवा, एकाकडे सगळ्यांचे नको.

किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि रशिया हे एकाच कस्टम्स युनियनमध्ये आहेत, म्हणून गाडीचा तात्पुरत्या आयातीचा कागद पहिल्याच नाक्यावर नीट करून घ्या आणि शेवटपर्यंत सांभाळा. शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून निघा. तो सहा महिन्यांपेक्षा आधी मागता येत नाही, म्हणून तारखांचं गणित आत्ता बसवा. युरोपात आपला विमा चालत नाही, सीमेवर बॉर्डर इन्शुरन्स घ्यावा लागतो. श्टुटगार्टला आलात तर माझ्याकडे उतरा, गाड्यांना गॅरेज आहे, मंडळ आहे, पिठलं-भाकरी नक्की.

डॉक्टर_पण_रायडर

थोडक्यात लिहितो. काठमांडू १,४०० मीटर, ल्हासा ३,६५० आणि वाटेतल्या खिंडी पाच हजारांच्या वर. सोबत्याला विचारायचा प्रश्न : उंचीवर डोकं दुखायला लागलं, उलटी झाली तर तू सांगशील का? ग्रुपला उशीर नको म्हणून गप्प बसणारा माणूस सगळ्यात धोकादायक, कारण अशाने साधा त्रास फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होण्यापर्यंत जातो आणि तेव्हा तातडीने खाली उतरवणं हाच उपाय असतो. बीपी, शुगर, दमा, कोणाला काय आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत हे सगळ्यांना माहीत असू द्या. आणि प्रवास विमा घेताना मोटरसायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरलाय का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत तो वगळलेला असतो.

घाटमाथा

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. कारनेटचं राहिलं होतं. ते मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं, एक वर्ष चालतं, गाडीच्या किमतीच्या हिशोबाने हमी भरावी लागते. जिथे जिथे ते लागतं तिथे आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही शिक्के घेतल्याशिवाय नाका सोडायचा नाही, नाहीतर हमी अडकते. मी सोबती पारखायला हेच वापरतो, खरं सांगतो. जो म्हणतो कारनेट बघू नंतर, तो येत नाही. ज्याने अर्ज आणून भरायला घेतला तो येतो.

नेपाळकडून शिरताना रसुवागढीचं (नेपाळ-तिबेट सीमेवरचा नाका) ताजं काय आहे ते एजन्सीला विचारत राहा. ८ जुलै २०२५ ला भोटेकोशीला पूर आला त्यात तिथला मितेरी पूल वाहून गेला होता. मेचा बेत चांगला आहे, जूनमध्ये पाऊस लागला की त्या रस्त्यावर दरडी सुरू होतात.

नाशिककर_रायडर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मृण्मयीताई, जणी नक्की चालतील, वर लिहायला हवं होतं, आता इथे लिहितो. दिवस मावळायच्या आत थांबणं मलाही हवंय.

तर असं ठरवतोय. जुलैच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी सागरी मार्ग, दिघीहून सुरुवात, ज्यांना या ट्रिपमध्ये खरंच रस आहे त्यांनीच या. मुक्काम गुहागरला, तिथे संध्याकाळी बसून पैसे, रूम, वेग, तब्येत, सगळं मोकळेपणाने बोलू आणि लिहून काढू. ज्याला नंतर नको वाटेल त्याने सरळ नाही म्हणावं, राग नाही. ऑगस्टमध्ये एजन्सीला नावं द्यायची. पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षअखेरीच्याही पुढे सहा महिने हवी, नसेल तर आत्ताच नवा करायला टाका.

मृण्मयी_रायडर

मी येते. कोल्हापूरहून गुहागरला थेट येऊ का, की दिघीपासूनच?

नाशिककर_रायडर

दिघीपासूनच या ताई, बोटींसाठी थांबायचंय ना सगळ्यांनी. सकाळी सातला जेटीवर.

विदर्भ_एक्सप्रेस

नागपूरहून मी पण. रजेचं साहेबांशी बोलणं झालंय, बिनपगारी मिळतेय, लेखी घेतलीय. गाडी हिमालयन ४११, जुनी आहे पण इंजिनाचं काम स्वतः करतो, वॉल्व सेटिंगपासून क्लचपर्यंत. मला चिनी, रशियन काही येत नाही आणि रात्री घोरतो, ते आत्ताच सांगून ठेवतो. जुलैला दिघीला भेटू.

घाटमाथा

क्लच स्वतः बदलणारा माणूस मिळाला, नाशिककर, याला सोडू नका. घोरण्यासाठी कानात घालायचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. मीही जुलैला गुहागरपर्यंत येतो, माझ्या वेळचे परवान्याचे कागद आणि एजन्सीबरोबरच्या कराराची प्रत घेऊन, म्हणजे कुठली कलमं नीट वाचायची ते समोर बसून दाखवता येईल.