मदत हवी आहे : अठराव्या वर्षाआधी मुलाला काय शिकवावे?

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो; मुलगा बारावीत असून मार्चमध्ये त्याला 18 वर्षे पूर्ण होतील. परवा त्याला बँकेत चेक भरायला पाठवले, तर स्लिपवर खाते क्रमांकाच्या जागी मोबाइल क्रमांक लिहून तो परत आला. वरणभात लावताना कुकरच्या तळाशी पाणी घालायचे राहिले, ते वेगळेच. 10 वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 सालीच बँकांना दिली असताना आम्ही ते टाळले, ही चूक आमचीच. आता पैशांचा हिशेब, स्वयंपाक आणि डॉक्टरांना आपले दुखणे एकट्याने नीट सांगणे यांपैकी, बारावीचा अभ्यास सांभाळून, आधी काय हाती घ्यावे? ज्यांची मुले नुकतीच वसतिगृहात गेली आहेत, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.