वैयक्तिक संकेतस्थळ नव्याने बांधायचंय: वर्डप्रेसच ठेवू की ह्यूगोवर जाऊ?

घाटवाट: २०११ पासून किल्ल्यांवर लिहितोय, वर्डप्रेसवर (लेख डेटाबेसमध्ये ठेवून संकेतस्थळ चालवणारी प्रणाली). १८० लेख झालेत. गेल्या महिन्यात एका जुनाट प्लगिनमधून (वर्डप्रेसला वरून जोडलेल्या सोयीतून) कुणीतरी आत शिरलं आणि राजमाचीच्या लेखात कॅसिनोच्या लिंका पेरून गेलं. निस्तरण्यात दोन रविवार गेले. भाचा म्हणतो, "मामा, ह्यूगो घ्या, ते तयार पानंच बनवून देतं. डेटाबेसच नाही, तर फोडणार काय?" पटतंय, पण हात धजावत नाही.

सर्व्हरवाला: भाच्याचं ऐका. वर्डप्रेसमध्ये वाचक आला की पीएचपी कोड पळणार, मायएसक्यूएल या डेटाबेसमधून लेख काढणार, मग पान दिसणार. राजमाचीच्या लेखात पाच वर्षांत अक्षर बदललं नसेल, मग पोळी दर वेळी नव्याने का लाटायची? ह्यूगो सगळी पानं एकदाच करून ठेवतं. लेख मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत, उद्या ह्यूगो बंद पडलं तरी त्या तुमच्याच.

चहाबाज: नाकापेक्षा मोती जड! घाटवाट लोहगड उतरून मळवली स्टेशनावर बसून मोबाइलवरून लेख टाकत असतील. तिथे काय गिट कमिट करायचं (बदल कमांड देऊन नोंदवायचे)? मी २०१९ ला हौसेनं जेकिलवर (ह्यूगोसारखंच, पण रूबी भाषेवर चालणारं) गेले. लॅपटॉप बदलला, रूबीची आवृत्ती जुळेना, एक स्वल्पविराम दुरुस्त करायला अख्खा शनिवार गेला. नंतर वर्षभर लिहिलंच नाही. प्लगिनं काढा, अपडेट आपोआप होऊ द्या, बास.

सर्व्हरवाला: जेकिल आणि ह्यूगो एकाच पारड्यात नका घालू. ह्यूगो म्हणजे एकच फाइल, उतरवली की चालली. रूबी-बिबी काही नाही.

बाराखडी: दोघं भांडताय, मराठीचं कुणी बघतच नाहीये. वर्डप्रेस लेखाची लिंक (पत्ता) बनवताना देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची (काना-मात्रासुद्धा) नऊ चिन्हं करतं आणि मर्यादा २०० चिन्हांची. 'हरिश्चंद्रगडाची नळीची वाट' या शीर्षकाची लिंक 'हरिश्चंद्रगडाची-नळीची-वा' इथेच कापली जाते. हलायचं तर या अर्धवट लिंकाही जपा, नाहीतर बाहेरून येणारा वाचक रिकाम्या पानावर आपटेल. ह्यूगोत त्यासाठी 'अलायसेस'ची (जुन्या लिंकेवरून नव्या पानावर नेणारी) सोय आहे. आणि परदेशी थीम घ्याल तर शीर्षकांचं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) आधी शून्य करा. शिरोरेघ तुटून अक्षरं वाळत घातलेल्या मोज्यांसारखी दिसतात.

घाटवाट: 'वा' बघून हसलो, माझीही तशीच आहे! चहाबाज, मोबाइलवरून मी कधीच टाकत नाही, रात्री घरीच लिहितो. प्लगिनं मोजली, ३१ निघाली. त्यातलं एक पानावर बर्फ पाडणारं, ते कधी टाकलं देव जाणे. पण सर्व्हरवाले, नऊशेच्या वर प्रतिक्रिया आहेत. कुठलं टाकं मार्चमध्ये आटतं, कुठली शिडी गंजलीय, हे सगळं लोकांनीच सांगितलंय. ते ह्यूगोत कुठे जाणार?

सर्व्हरवाला: तो घोळ आहे खरा. जुन्या प्रतिक्रिया पानांतच गोठवता येतील. नव्या घ्यायला बाहेरची एखादी सेवा जोडावी लागेल.

चहाबाज: म्हणजे फिरून प्लगिनच की!