हात वर केला की जाणारे पांढरे ठिपके
ताई, तुमच्या मुलाच्या हातावर उभं असताना पांढरे ठिपके उमटतात आणि घरात सगळ्यांनी कोडाची धास्ती घेतली आहे, हे वाचलं. आधी एवढं करून बघा. त्याला मिनिटभर हात खाली लोंबता सोडायला सांगा. ठिपके दिसू लागले की हात डोक्याच्या वर धरू द्या. ते विरून गेले तर कोड नव्हे. कोडात त्वचेचा रंगच गेलेला असतो, हात वर केल्याने तो परत येत नाही.

यांना बिअर स्पॉट्स म्हणतात. जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. हात खाली असताना त्यात रक्त साचतं, भोवतीची त्वचा लालसर-निळसर होते, पण जिथे बारीक रक्तवाहिन्या आकसतात तेवढ्या जागा फिक्या राहतात. तरुण वयात हे बऱ्याचदा दिसतं, उपचार लागत नाहीत.

डाग कायमच राहत असेल किंवा तिथे स्पर्श कळत नसेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आणि कृपा करून कोडाच्या धास्तीने त्या पोराचं दूध, मासे बंद करू नका.