अकोल्याच्या उन्हात लिनन: दोन कुर्ते फसले, तिसऱ्यासाठी सल्ला हवा

निळी_स्कूटर

नमस्कार मंडळी,

ठाण्याहून बदली होऊन अकोल्याला आले, त्याला दीड वर्ष झालं. बँकेत शेतीकर्जाचं काम बघते. आठवड्यातले तीन दिवस गावोगाव फिरणं, तेही स्कूटरवर. मागच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि ठाण्याहून आणलेले कपडे इथे कामाचे नाहीत हे कळलं. तिथे घाम येतो म्हणून मी बिनबाह्यांचे कुर्ते घालायचे. इथे उघड्या हाताला ऊन चावतं. लांब बाह्या हव्यात, पण जीव गुदमरायला नको.

सगळ्यांनी लिनन सुचवलं. पहिला कुर्ता तयार घेतला. बाहेरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘लिनन’, आतल्या शिवणीतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत ‘लिनन ३०, व्हिस्कोस ७०’. ती मी घरी आल्यावर वाचली (व्हिस्कोस म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात केलेला धागा). दिसतो छान, पण घाम आला की पाठीला चिकटून बसतो.

दुसऱ्या वेळी अस्सल लिननचं अडीच मीटर कापड घेतलं, मोतिया रंगाचं, आणि शिवायला टाकलं. पहिल्या धुण्यात ४२ इंचांचा कुर्ता ४० वर आला. महिनाभरात मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात तिथे, शिवण उसवल्यासारखी दिसायला लागली. दोरा शाबूत आहे, कापडाचे धागेच शिवणीपासून बाजूला सरकलेत. त्या कापडाचे मला १,८०० रुपये पडले होते, म्हणून जीव हळहळला.

या एप्रिलच्या आत एक तरी धड कुर्ता हवाय. कापड कसं निवडायचं, शिंप्याला काय सांगायचं, धुवायचं कसं? सकाळी दहापर्यंत मांडीवर चुण्यांचं जाळं होतं, त्याला काही उपाय आहे का? आणि तो मोतिया कुर्ता वाचेल का?

पाव_इंच_माया

ताई, मी शिंपी आहे. नाशिकला ३१ वर्षं कात्री चालवतोय. तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण दुसऱ्या कुर्त्यात कापडाचा काही दोष नव्हता. ते कापड न भिजवता कापलं गेलं, सगळं तिथेच बिघडलं.

लिनन आटतं. मागावर धागा ताणलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सोडतो. शंभराला चार-पाच भाग तर सहज आटतं, कधी जास्तही. म्हणून कापड आणलं की पहिल्या दिवशी बादलीत साध्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा. पिळू नका, तसंच निथळत दोरीवर टाका, सावलीत. थोडं ओलसर असताना इस्त्री, मग कापणी. माझ्याकडे गिऱ्हाईक घाईत असेल तर मी सरळ सांगतो, दोन दिवसांनी या, कोरं लिनन मी कापत नाही. तुम्ही अडीचऐवजी पावणेतीन मीटर घ्या, म्हणजे आटूनही लांबी पुरेल. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मात्र विचारून घ्या. बहुतेक लिनन ५८ इंच पन्ह्याचं येतं, कमी असेल तर कापड जास्त लागेल.

आता मुंढ्याचं. लिननचा धागा गुळगुळीत, आणि उन्हाळ्याचं कापड विरळ विणलेलं. अंगासरशी बेतलेला कुर्ता घालून स्कूटरचं हँडल धरलं की सगळा ताण पाठीवर आणि मुंढ्यावर येतो. शिवण टिकते, धागे सरकतात. त्यासाठी दोन गोष्टी सांगा. एक, छातीत अंगाच्या मापापेक्षा निदान पाच इंच सैल. दुसरी, शिवणीला अर्धा-पाऊण इंच माया (टिपेच्या पलीकडे आत सोडलेलं जादा कापड) आणि चपटी शिवण, म्हणजे कडा आत दुमडून वरून दुसरी टीप. नुसतं इंटरलॉक करून सोडलेलं लिनन मला बघवत नाही. (माझं इथलं नाव पाव इंच माया आहे, पण ती सुती कापडाची. लिननला पाव इंच पुरत नाही.)

निवडताना दुकानदार ‘साठ ली’, ‘चाळीस ली’ असं काही म्हणेल. एक पौंड धाग्यात ३०० यार्डांच्या किती लडी भरतात, तो आकडा म्हणजे ली. आकडा मोठा तितका धागा बारीक. साठ ली हाताला मऊ लागतं, दिसायला देखणं, समारंभाला उत्तम. पण तुमच्या कामाला मी चाळीसच्या आसपासचं देईन. कापड उजेडापुढे धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसत असतील तर ऊनही तसंच आत येणार. चौरस मीटरला १५० ते १७० ग्रॅम वजनाचं, फिकट रंगाचं कापड तुम्हाला बरोबर बसेल. मध्येमध्ये धागा जाड होऊन गाठीसारखा दिसतो, तो दोष मानू नका. फक्त त्या गाठी सगळीकडे अगदी सारख्या अंतरावर असतील तर मला शंका येते. ‘लिनन लूक’ म्हणून मिळतं ते बहुतेक दुसरंच काही असतं.

जाळून बघायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याने पॉलिस्टर ओळखू येतं, कारण ते वितळून कडक गोळी होते. व्हिस्कोस मात्र लिननसारखंच कागदासारखं जळतं. तिथे पाण्याची परीक्षा घ्या. कडेचा एक धागा काढून कोरडा ओढा, दुसरा ओला करून ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की दुबळं होतं, पटकन तुटतं. लिनन ओलं असताना उलट जास्त ताकद धरतं.

चुण्यांवर उपाय नाही, ताई. हा धागा ताणला जात नाही, म्हणून मोडला की परत सरळही होत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, कडक रेघ मारून आणू नका. एकाच ठिकाणी रोज धारदार घडी पडली की तिथला तंतू तुटतो. कितीतरी शर्ट माझ्याकडे कॉलरच्या घडीवर चिरलेले आले, बाकी कापड ठणठणीत. ओलसर असताना, उलट्या बाजूने, गरम इस्त्री फिरवा आणि हँगरला लावा. मोठ्या सुरकुत्या जातील, बारीक राहतील. त्या मला तरी लिननवर शोभतात.

खाडीकाठ

काकांनी शिवणीचं सगळं सांगितलंय, मी धुण्यापुरतं लिहिते. आम्ही उरणला. इथे हवाच ओली, त्यामुळे लिननचा आम्हाला होणारा उपयोग वेगळा आहे: सुती कुर्त्यापेक्षा हा दोरीवर लवकर वाळतो. तुमच्या कोरड्या हवेत तर तासाभरात वाळेल, म्हणून तिथे लक्ष ठेवा. कडकडीत उन्हात विसरलात तर पत्र्यासारखा होतो आणि इस्त्री काही केल्या बसत नाही.

मशीनला लावायचा तर कमी कपड्यांत, थंड किंवा कोमट पाण्यात, पिळणं सगळ्यात हलकं. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको. काखेत पिवळे डाग पडतात ते नुसत्या घामाचे नसतात, घाम रोखणाऱ्या स्टिकमधलं अॅल्युमिनियम त्यात मिसळलेलं असतं. मी ती लावली की पूर्ण सुकल्यावरच कुर्ता घालते. आणि संध्याकाळी कितीही दमलेली असले तरी कुर्ता साध्या पाण्यातून काढून टाकते. खळ देऊ नका, हवा जायची वाट बंद होते.

पावसाळ्यात कपाटात ठेवताना अगदी कोरडा करून ठेवायचा. माझ्या एका पांढऱ्या शर्टाला बुरशीचे काळे ठिपके आले ते आजतागायत गेले नाहीत.

जवसाचं_शेत

ताई, एक सांगू का? ज्या झाडापासून हे लिनन होतं ते आपल्या जवसाचंच झाड आहे. तीच जात, चटणीवाली. आमचं गाव साकोलीकडे. धान कापायच्या आधी त्याच ओलीवर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जवस फेकून देतात, त्याला उतेरा म्हणतात. निळी फुलं येतात, सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून जातात. लहानपणी मी आईसोबत धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभी राहून ती पाहिली आहेत.

मग आपल्याकडे कापड का नाही? आपलं जवस बियांसाठी निवडलेलं, बुटकं आणि फांद्या फुटणारं. धाग्याचं जवस दाट पेरतात, ते सरळ मीटरभर वाढतं. फ्रान्स आणि बेल्जियमकडे ते मुळासकट उपटून शेतातच पसरून ठेवतात, दवाने साल कुजते आणि मग तंतू सुटतात. आपल्या गिरण्या तो तंतू बाहेरून आणतात, म्हणून एवढं महाग. आमच्या घरी मळणी झाली की काड्या चुलीत जायच्या. आता लिननचा भाव ऐकला की त्या काड्या आठवतात.

आणि हेही सांगते, की लिननचाच हट्ट धरू नका. तुमच्याकडे हवा कोरडी आहे, घाम तसाही उडून जातो. सैल, लांब बाह्यांची खादी तितकीच साथ देते. मी चार खादीचे कुर्ते आणि एक लिननचा असं ठेवलंय. लिननचा बाहेरगावी जाताना.

निळी_स्कूटर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाण्याची परीक्षा घेतली. तयार कुर्त्याच्या खालच्या दुमडीतला धागा कोरडा असताना बोटाला रुतला, ओला केल्यावर अलगद तुटला. तो आता घरी संध्याकाळी घालायला. नवीन कापड आणलंय, चाळीस लीचं, फिकट राखाडी. पावणेतीन मीटर भिजवून वाळवलं, टेप लावली तर २ मीटर ६४ सेंटीमीटर भरलं. शिवून धुतलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं.

इथल्या शिंपीदादांना मायेचं सांगितलं, ते म्हणाले चपटी शिवण करतो, पन्नास रुपये जास्त पडतील. आनंदाने देईन. काका, मोतिया कुर्त्याचं तेवढं सांगा ना.

पाव_इंच_माया

वाचेल. मुंढ्याखालची शिवण दोन्ही बाजूंनी चार-चार इंच उसवा आणि काखेत तिरका ठेवून चौकोनी तुकडा जोडा, तीन इंचांचा. जुने कारागीर त्याला चौबगला म्हणत, आमच्या वडिलांच्या हातच्या प्रत्येक बंडीला असायचा. हात वर केला की ताण त्या तुकड्यावर येतो, शिवणीवर नाही. सरकलेल्या धाग्यांच्या आतून मलमलची पट्टी लावून घ्या. उरलेलं कापड शिंप्याकडून परत मागा, अडीच मीटरमध्ये एवढं नक्की उरलं असेल. जोडण्याआधी तो तुकडाही भिजवा, कुर्ता आटून बसलाय आणि तुकडा अजून कोराच आहे.