मदत हवी आहे: काजव्यांच्या फोटोत ३० सेकंद देऊनही काजवे पुसट का?

सांजवेळ
भंडारदऱ्याजवळ काढलेले काजव्यांचे फोटो पूर्ण फसलेत. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स, ट्रायपॉड होता. झाड जवळून हवं म्हणून झूम ५५ वर, एफ ५.६, आयएसओ ६४००, शटर ३० सेकंद, फोकस ऑटो. आकाश राखाडी-तपकिरी आलंय, काजवे म्हणजे हिरवट धूसर डाग, आणि फोटोभर लाल-निळे बारीक ठिपके. ५० मिमी एफ १.८ (एसटीएम) लेन्स घरात आहे, पण ती पोर्ट्रेटची म्हणून नेली नव्हती. पुढच्या अमावास्येला पुन्हा जायचंय. नक्की काय बदलू?

प्रकाशमापक
शटर वाढवला की काजवा उजळ येईल, हा समज आधी काढून टाका. काजवा क्षणभर चमकतो आणि विझतो. तेवढ्यात जो प्रकाश सेन्सरवर पडला तो पडला, उरलेले २९ सेकंद तिथे फक्त आकाशाचा उजेड आणि नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) साठत राहतो. चमक किती उजळ दिसणार हे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. शटर ठरवतो दोनच गोष्टी: एका फ्रेममध्ये किती चमका येणार आणि पार्श्वभूमी किती उजळणार.

तुमचेच आकडे घ्या. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलात की प्रकाश साडेनऊ पटींच्या वर जातो. आयएसओ ६४०० वरून १६०० केला की चौपट घटतो. म्हणजे काजवा आत्तापेक्षा दुपटीहून जास्त उजळ. शटर १० सेकंद ठेवा, तर आकाश उलट आत्तापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने काळं येईल. ती ‘पोर्ट्रेटची’ लेन्सच न्या.

मग एकच लांब फोटो न काढता १०-१० सेकंदांचे ५०-६० फोटो सलग काढायचे आणि घरी एकावर एक चढवायचे. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मध्ये ६० फोटोंना पावणेदोन जीबीच्या आसपास जागा लागते, कार्ड मोकळं ठेवा.

कडेकपारी
डाग फोकसमुळे आलेत. अंधारात ऑटोफोकसला धरायला काहीच नसतं, लेन्स पुढेमागे करत कुठेतरी थांबते. उजेड असतानाच जागा पक्की करा. झाडाच्या बुंध्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवरच्या थेट चित्रात) १० पट झूम करून फोकस करा, लेन्सवरचं बटण एमएफ (मॅन्युअल फोकस) वर सरकवा, रिंगवर चिकटपट्टी लावा. उशीर झालाच तर बुंध्याशी मंद टॉर्च क्षणभर ठेवून फोकस घ्या आणि लगेच विझवा.

५० एसटीएमची एक खोड आहे. तिची फोकस रिंग मोटरमधून चालते, त्यामुळे कॅमेरा बंद झाला की लावलेल्या फोकसचा भरवसा नाही. मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करा, आणि बॅटरी बदलावी लागली तर फोकस पुन्हा तपासा.

५० मिमीवर एफ १.८ ला ८ मीटरवर फोकस केलात तर साधारण सव्वासात ते नऊ मीटर एवढाच पट्टा रेखीव येतो. पुढे उडणारे काजवे गोल फुगलेले दिसणार. थोडे असले तर छान दिसतात, पण कॅमेऱ्यापुढे दोन मीटरवर झुडूप असेल तर जागा बदला. अख्खा माळ हवा असेल तर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५) १८ वर, एफ ३.५, फोकस ५ मीटरवर: अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं. मात्र आयएसओ ६४०० लागेल आणि काजवे बारीक येतील.

घाटवाट_७
कॅमेऱ्यातल्या ज्या गोष्टी नडतात त्या अशा. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद, नाहीतर प्रत्येक १० सेकंदांनंतर कॅमेरा आणखी १० सेकंद काळी फ्रेम घेत बसतो आणि निम्मे काजवे हुकतात. १५००डी मध्ये इंटरव्हल टायमर नाही. आरएस-६०ई३ जातीचा वायर्ड रिमोट लावा, ड्राइव्ह ‘कंटिन्युअस’, मोड ‘एम’ (मॅन्युअल), आणि रिमोटचं बटण दाबून पुढे सरकवून अडकवा. फोटो आपोआप निघत राहतात. किट लेन्स लावलीत तर तिचं आयएस (हादरे सावरणारी सोय) बंद.

हिरव्या ऑटो मोडमध्ये चुकूनही जाऊ नका, फ्लॅश आपणहून उघडतो. ‘इमेज रिव्ह्यू’ही बंद करा. प्रत्येक फोटोनंतर स्क्रीन उजळला तर काजवे बिचकतात आणि शेजारचा फोटोग्राफरही.

लाल-निळे ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल, तापलेल्या सेन्सरवर उगाच चमकणारे बिंदू. शेवटच्या फोटोनंतर लगेच, सेन्सर तितकाच तापलेला असताना, लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओ-शटरला ५ काळ्या फ्रेम घ्या. स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर त्या वजा करून देतं.

सांजवेळ
सगळ्यांचे आभार. फोटो चढवताना कोणता मोड? आणि झाड काळंठिक्कर येईल, त्याचं काय?

प्रकाशमापक
मोड ‘लायटन’. यात प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ पिक्सेल टिकतो. सरासरीचा मोड घेतलात तर ६० पैकी एकाच फ्रेममध्ये चमकलेला काजवा पुसून जाईल. चढवण्याआधी फ्रेम एकेक पाहा. विमानाची रेघ, कुणाचा टॉर्च, गाडीचे दिवे असलेल्या काढून टाका. व्हाइट बॅलन्स सगळ्यांना एकच, ४००० केल्विनच्या आसपास.

झाडासाठी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, संधिप्रकाशात, त्याच जागेवरून दोन-तीन फोटो घ्या. त्यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही. ही फ्रेम मुद्दाम गडद ठेवा. ती उजळ असली तर लायटनमध्ये तीच जिंकते आणि काजवे तिच्याखाली गडप होतात. चढवलेल्या फोटोत काजवे हरवले अशी जी तक्रार असते, तिचं कारण बहुतेकदा हेच.

कडेकपारी
एक मतभेद. ६० फ्रेम मोकळ्या माळावर ठीक. हिरडा-बेहडा-जांभळाच्या एखाद्या झाडावर काजवे एकत्र लयीत चमकत असतील तर १०-१२ फ्रेम पुरेत, पुढे झाड हिरव्या रोषणाईचं लग्नघर दिसायला लागतं. सगळ्या काढा, पण चढवताना पाच-पाचने वाढवत जा आणि फांद्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या की एक पायरी मागे या.

आणि पायवाट सोडून गवतात शिरू नका. उडत चमकणारे बहुतेक नर असतात, माद्या खाली गवतात-झुडपात बसून उत्तर देतात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, तोही फक्त पायापुढे. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क आणि वेळेचे नियम असतात, निघण्याआधी चौकशी करा.

घाटवाट_७
गाडीत एसी लावून गेलात तर बाहेरच्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा आणि कॅमेरा बॅगेतच बाहेरच्या हवेला येऊ द्या. अंधारात हे धुकं दिसत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी एखादी फ्रेम मोठी करून बघा. पुसायची वेळ आलीच तर फोकस रिंगला धक्का न लावता.