मदत हवी आहे: जांभ्याच्या घरात स्वस्तात तारेचं नेटवर्क, रास्पबेरी पाय ३ बी चालेल का?

नमस्कार मंडळी,

गाव खानापूर तालुक्यातलं, जंगलाच्या अंगाचं. घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती चांगल्या जाडजूड. फायबरचं नेट आलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा, राउटर सोप्यात. माजघर ओलांडलं की वाय-फायचा जीव जातो. मेश (खोलीखोलीत ठेवायचे, एकमेकांशी बिनतारी जोडलेले वाय-फायचे डबे) घ्या म्हणून सगळे सांगतात, पण या भिंतीतून मेशच्या डब्यांना तरी एकमेकांचं काय ऐकू येणार? तेव्हा केबलच टाकायची, हे नक्की. खर्च चार हजारांच्या आत बसवायचाय.

माळ्यावरून कॅट ५ ई (नेटवर्कची तांब्याची केबल) माजघरात आणायची, तिथं आठ पोर्टचा साधा गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) स्विच ठेवायचा, एका तारेला अनेक फाटे फोडणारा डबा. त्यातून एक तार टीव्हीला, एक धाकटीच्या अभ्यासाच्या खोलीत, एक पायला, म्हणजे रास्पबेरी पाय ३ बी या तळहाताएवढ्या संगणकाला. पायला हार्ड डिस्क लावून सांबा (घरातल्या यंत्रांना फाइली वाटून देणारं सॉफ्टवेअर) चालू करीन, म्हणजे घरचे फोटो आणि बाबांनी स्कॅन केलेले जमिनीचे उतारे एका जागी राहतील. शिवाय घरभरच्या जाहिराती अडवायला पाय-होल हे सॉफ्टवेअर.

बेळगावचा एक मित्र म्हणतो, पायवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत प्रणाली) टाकून त्यालाच राउटर कर. पण ३ बी ला लॅन पोर्ट एकच. दुसरा यूएसबीतून काढावा लागणार. खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

खरी काळजी वेगळीच. अंगणापलीकडे नवी स्लॅबची खोली आहे, २५ मीटरवर, मीटरही वेगळा. तिथं नेट न्यायचंय. वळवात आमच्याकडे विजा कशा पडतात ते इकडच्यांना सांगायला नको. पाइपात घालून केबल पुरली तर चालेल का?

प्रतिसाद

राउटरचं काम राउटरलाच करू दे. ३ बी चा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच, आणि तोही आतून यूएसबी २.० वरच बसवलाय. दुसरा अडॅप्टर आणि हार्ड डिस्क त्याच वाटेने जाणार, म्हणजे एकाच बोळात तीन बैलगाड्या. फाइल ठेवायला तो पुरेसा आहे, सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतील. पाय-होलसाठी राउटरच्या डीएचसीपीत (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) पायचा पत्ता डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा) म्हणून द्या. ती सेटिंग कुलूपबंद असेल तर राउटरचं डीएचसीपी बंद करून पायवर चालू करा, दोन्हीकडे चालू ठेवू नका. करंट गेला की एसडी कार्ड खराब होऊ शकतं, तेव्हा पाय इन्व्हर्टरवर घ्या.

केबल घेताना टोक सुरीने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दर बघून भुलू नका, लवकर तुटते. आणि आठही तारा जोडा. वायरमन चारच जोडून मोकळा होतो, मग गिगाबिट स्विच घेऊन उपयोग काय?

अंगणातून मात्र तांब्याची तार अजिबात नको. पुरली तरी धोका टळत नाही. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या तारेतूनच वाट काढतो आणि दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथं फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनची तार जोडून देणारे डबे.

मूळ लेखक

फायबरचं डोक्यातच आलं नव्हतं. मग मित्राचं राउटरचं खूळ रद्द, वाचलेले पैसे कन्व्हर्टरला. शनिवारी बेळगावला जातोय. दुकानात नेमकं काय मागू?

प्रतिसाद

एकाच तंतूवर चालणारी कन्व्हर्टरची जोडी मागा, एससी कनेक्टरची. एक ए, एक बी, असंच घ्या. दोन्ही ए आले तर बोलणार नाहीत. ड्रॉप केबलला (घरापर्यंत आणायची फायबरची केबल) आधाराची लोखंडी तार असते, ती नसलेली मिळाली तर उत्तम, नाहीतर ती दोन्ही घरांच्या बाहेरच तोडा. टोकं दुकानातूनच बसवून आणा, लांबी ३५ मीटर धरा, वळणावर कमी पडते.