अल्झायमरमधल्या दिवसाच्या डुलक्या: हिस्टामिन पेशींचा वाटा किती?

प्रश्न (तंतुजाल): अल्झायमरचा रुग्ण दिवसभर पेंगतो, त्याला 'रात्रीची झोप बिघडली' हेच कारण दिलं जातं. पण मेंदूत हिस्टामिन (जागं ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी फक्त हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातल्या ट्युबरोमॅमिलरी केंद्रकात असतात, आणि तिथेही टाऊ (अल्झायमरमध्ये पेशींत साठणारं प्रथिन) साठतो. पार्किन्सनमध्येही तसंच होतं का? आणि एच-३ रोधकांनी, म्हणजे हिस्टामिनचा एच-३ ग्राहक अडवणाऱ्या औषधांनी, फरक पडायला हवा ना?

निद्राकोश: सगळं खापर रात्रीवर फोडणं चूकच. या पेशी जागेपणीच सक्रिय असतात, गाढ झोपेत आणि स्वप्नझोपेत गप्प. २०१९ मध्ये लेआ ग्रिनबर्ग या संशोधिकेच्या गटाने मरणोत्तर मेंदू तपासले, तेव्हा अल्झायमरमध्ये इथल्या, ओरेक्सिनच्या आणि लोकस सेरुलियसच्या (याही जागं ठेवणाऱ्याच) पेशी बऱ्याच घटलेल्या आढळल्या. पार्किन्सनचं चित्र वेगळं आहे: लेवी बॉडी (पेशीतल्या प्रथिनाच्या गाठी) दिसतात, पण पेशी बहुतांशी टिकून राहतात.

मोजणीत एक मेख आहे. हिस्टिडिन डीकार्बॉक्सिलेज या हिस्टामिन बनवणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) रंग देऊन मोजलं, तर पेशी मेली की तिने विकर बनवणं थांबवलं, हे कळत नाही. सोबत निस्सल रंगानेही (तो विकरावर अवलंबून नसतो, चेतापेशी दाखवतो) मोजायलाच हवं. नार्कोलेप्सीत (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारात) २०१३ मध्ये याच पेशी वाढलेल्या दिसल्या, तिथेही हाच वाद आहे.

एच३_वाचक: एच-३ हा या पेशींचा स्वतःचाच ब्रेक. पिटोलिसँट हे एच-३ रोधक औषध तो सोडवतं, म्हणून नार्कोलेप्सीत चालतं (युरोपात मान्यता २०१६). पण पेशीच उरल्या नसतील तर ब्रेक सोडून हिस्टामिन येणार कुठून? अल्झायमरच्या चाचणीत एबीटी-२८८ हे एच-३ रोधक स्मृतीसाठी निष्फळ ठरलं. तिथे अर्थात डुलक्या हा मुख्य निकष नव्हता.

औषधपेटी: नवं औषध शोधण्याआधी घरातल्या गोळ्या बघा! सर्दीच्या मिश्र गोळीत २ ते ४ मिग्रॅ क्लोरफेनिरामिन असतं. ते मेंदूत शिरून एच-१ (ज्यातून हिस्टामिन जागं ठेवतं तो ग्राहक) अडवतं, म्हणजे उरल्यासुरल्या हिस्टामिनचाही परिणाम पुसतं. अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) २० तासांच्या आसपास, त्यामुळे रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशीही अंगावर राहते. वर ते अ‍ॅसिटिलकोलिनच्याही विरुद्ध जातं, म्हणजे तेच रसायन वाढवणारं अल्झायमरचं औषध डोनेपेझिल चालू असेल तर एक औषध दुसऱ्याचं काम पुसतं. भूक वाढवायला दिलं जाणारं सिप्रोहेप्टाडिन आणि खाजेचं हायड्रॉक्सिझिन यांनाही हेच लागू.

अ‍ॅलर्जीसाठी औषध हवंच असेल तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिनबद्दल विचारा, ते मेंदूत जवळजवळ जात नाही. पाण्यासोबतच घ्यायचं, फळांच्या रसाने शोषण घटतं, आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. सेटिरिझिन त्याच्या तुलनेत जास्त गुंगी आणतं.